विलंबाचं कारण

वेधशाळेत नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी शिकवल्या जात. एक म्हणजे स्क्रीनवरच्या रेघा कशा वाचायच्या. डोंगर हलला की रेघ कशी उठते, ट्रक गेला की कशी, आणि वाऱ्याने झाड हललं की कशी. दुसरी म्हणजे 'आजी' हे माप. दोन्ही शिकवायचं काम एकाच माणसाकडे होतं, आणि या शिकवण्यापायीच सगळे त्याला मास्तर म्हणत. पंचेचाळिशीचा, अंगाने सुटलेला, बोलण्यात कुणाला न ऐकणारा माणूस. वीस वर्षं झाली होती त्याला तिथे. धुमसत्या डोंगराच्या उतारावर बारा ठिकाणी भूकंपमापक यंत्रं पुरलेली होती. त्यांनी पाठवलेल्या रेघांवरून डोंगराच्या पोटात काय चाललंय याचा अंदाज बांधायचा आणि खालच्या गावाला वेळेवर सावध करायचं, एवढ्यासाठी त्याला पगार मिळत होता.

'आजी' हे माप मात्र त्याने पदरचं घातलं होतं. दार आपटून टेबल हललं की तो म्हणे, "पाव आजी." कुणाच्या हातून चहाचा ट्रे पडला की, "सव्वा आजी." ज्या धक्क्याची नोंद कुठल्याच यंत्राच्या यादीत नाही, जो फक्त सांगणाऱ्याच्या डोक्यात झाला, तो आजी-धक्का. लोक पोट धरून हसत. हे माप इतकं रुळलं की शेवटी ते नोंदवहीतही शिरलं. गावातून कुणी 'आत्ता हादरा बसला' म्हणून फोन केला तर तो एका वहीत लिहावा लागे, आणि यादीत तसा धक्का सापडला नाही तर शेवटच्या रकान्यात 'निराधार' असं लिहायचा नियम होता. मास्तरने तिथे नुसतं 'आ' लिहायला सुरुवात केली. निराधार लिहीत बसायला वेळ कुणाला आहे, असं तो म्हणे.

आजी खरोखरची होती. गावाच्या खालच्या वस्तीत मुलाकडे राहणाऱ्या एक बाई. एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोत टाइमकीपरचं काम केलं होतं. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर का झाला, हे लिहिण्यात त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. फोनवर त्या 'हॅलो' म्हणत नसत. "नोंद घ्या," म्हणत. "दहा सदतीस. दोन सेकंद. खालून वर. कपाटाची काच वाजली." एवढं सांगून पलीकडून उत्तर येईपर्यंत थांबत.

मास्तर अगदी मऊ आवाजात म्हणे, "घेतली हं आजी, नोंद घेतली. बरं झालं कळवलंत." मग फोनवर हात ठेवून खोलीकडे वळे आणि डोळे मोठे करून 'कपाटाची काच' असं नुसत्या ओठांनी म्हणून दाखवी. तेवढ्यावर हशा पिके. मग तो यादी उघडे. दहा सदतीसला यादीत काहीच नसे. आ.

पाच महिन्यांत असे एक्केचाळीस फोन झाले. त्यातल्या तीन वेळा बाईंनी स्वतःच सांगितलं होतं, "या खेपेला खात्री नाही. तरी लिहून ठेवा." त्या तीन वेळी तर खोलीत जास्तच हसू झालं होतं.

मास्तर काही दुष्ट नव्हता. घरी आजारी सासऱ्यांचं सगळं हाताने करायचा, रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर ढकलायला उतरायचा. त्याला फक्त हशा लागायचा, आणि तो सोपा कुठे मिळतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी बाईंचा मुलगा वेधशाळेत आला होता. चाळिशीतला, कपाळावर आठ्या, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. खुर्चीवर बसला तोही अर्धाच.

"आईला आठवड्यातून दोन-तीनदा जमीन हलल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "आम्हाला काहीच कळत नाही. मी दिवसभर कामावर, बायको मशीनवर शिवत असते, तिच्या मशीननेच घर थरथरतं. आई इथे फोन करते ना?"

"करतात की," मास्तर म्हणाला. "नेमाने करतात."

"मग खरंच असतं का काही?"

मास्तरला त्या वेळी हसू आलं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. पण त्याने यादी उघडायचीही तसदी घेतली नाही. "आमच्या यंत्रांत काही नाही," तो म्हणाला. "मुंगी चालली तरी कळतं आम्हाला. या वयात होतं असं. मनावर घेऊ नका."

मुलाने चष्मा नीट बसवला. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, लेखी असेल तर बरं. म्हणजे औषधाचं ठरवता येईल."

मास्तरने तिथल्या तिथे वेधशाळेच्या कागदावर चार ओळी टाइप केल्या. सदर कालावधीत सदर परिसरात कोणताही धक्का नोंदवला गेलेला नाही. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण आपलं मराठी बरं आहे असा त्याचा समज होता, म्हणून त्याने पाचवी ओळ घातली: 'अशा प्रकारचे भास उतारवयात संभवतात.' खाली शिक्का मारला आणि घाईघाईने सहीचा फराटा ओढला. मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोनदा आभार मानले.

त्या दिवसापासून फोन बंद झाले. आठवड्याभराने कुणीतरी विचारलं, "आजींचा फोन नाही बरेच दिवसात?" त्यावर मास्तर म्हणाला, "डोंगर शांत झाला." त्या वाक्यालाही हशा मिळाला होता.

मग एका सकाळी फिरस्ता चहाला येऊन बसला.

फिरस्ता म्हणजे बाराही स्टेशनांवर फिरून बॅटऱ्या बदलणारा, वायरी उंदरांनी खाल्ल्या की जोडणारा तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. वेधशाळेत तो महिन्यातून चार-पाच दिवसच दिसे, बाकी डोंगरावर. चहात पाव बुडवत तो म्हणाला, "सात नंबरला नवी बॅटरी टाकली. आता तिथे किती शांत असतं रे. पूर्वी पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं."

"पंप बंद होता का?" मास्तरने विचारलं.

"बंद?" फिरस्ता हसला. "पंप आहे कुठे तिथे? आठ महिने झाले काढून. पाण्याची नवी टाकी झाली ना वरच्या अंगाला, पंप तिकडे नेला."

मास्तरच्या हातातला कप तसाच राहिला. "मला सांगितलं नाहीस?"

"तुला ठाऊक असणार असं वाटलं. यंत्र तुझ्यासमोर चोवीस तास बोलतंय. मी आपला बॅटरीवाला."

आता इथे सात नंबरचं सांगायला हवं. हे यंत्र खालच्या वस्तीत, जुन्या पंपघराच्या मागच्या खोलीत बसवलेलं होतं. दीड वर्षापूर्वी पंपघरात मोठा पंप आला आणि सात नंबरची रेघ दिवसभर थडथडायला लागली. संगणक त्या थडथडीला भूकंप समजून रोज शंभर खोटे धक्के यादीत टाकी. वैतागून मास्तरने एक दिवस सात नंबरला मोजणीतून वगळलं. त्याची रेघ साठवली जाईल, पण यादी करताना संगणक तिच्याकडे बघणार नाही, अशी ती सोय होती. पुढे शेरा लिहिला होता: तात्पुरतं. दीड वर्षात ते 'तात्पुरतं' कुणाच्याही डोळ्याला खुपलं नाही. आणि संगणकाचा नियम असा, की तीन यंत्रांनी पाहिला तरच धक्का खरा. खालच्या वस्तीत बारीकसा, उथळ धक्का बसला तर तो सात नंबरला स्पष्ट कळणार, पाच आणि सहाला जेमतेम. सात वगळला की राहिले दोन. दोन साक्षीदारांचं संगणक ऐकत नसे.

मास्तर जागेवर आला. नोंदवही काढली, पहिला 'आ' शोधला. तारीख, दहा सदतीस. सात नंबरची साठवलेली रेघ त्या मिनिटावर नेऊन थांबवली.

रेघ उठली होती. लहानशी, पण स्वच्छ, शिकवायला घ्यावी अशी. दोन सेकंद.

त्याने दुसरा 'आ' काढला. चार वाजून सहा. होती. तिसरा. होती. सातव्या-आठव्यापाशी त्याचे कान गरम झाले. विसाव्यापाशी त्याने उठून दार लावून घेतलं. त्याला कुणी पाहू नये असं वाटत होतं, आणि आपण एकटेच आहोत हेही नको वाटत होतं. दुपारपर्यंत एक्केचाळीस झाले. अडतीस धक्के खरे होते. तीन नव्हते. कुठले तीन, ते त्याला वही बघायच्या आधीच कळलं होतं, तरी त्याने पाहिलं. 'खात्री नाही' असं बाईंनी सांगितलेले तेच तीन.

करोडोंचं यंत्र असतं तरी एवढं नीट बोललं नसतं. आणि आपण त्या बाईंचं माप करून चहाच्या ट्रेला लावलं. मास्तरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पण शरम वाटली म्हणून माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. त्याच्या मनात पहिला विचार आला तो झाकाझाकीचा. 'तात्पुरतं' ही ओळ काढून टाकायची, संगणकाला जुनी रेघ पुन्हा वाचायला लावायची, यादी आपोआप दुरुस्त होईल. अहवालात 'प्रणालीत सुधारणा' असं लिहायचं. वहीतले 'आ' पेन्सिलीचे होते, खोडता आले असते. पत्राची प्रत फाइलमध्ये होती. फाइलमधून कागद गहाळ होतच असतात. त्याने खोडरबर हातात घेतलासुद्धा.

तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी दार वाऱ्याने धाडकन लागलं. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी, जिने बाईंचा आवाज कधी ऐकलाही नव्हता, पलीकडच्या खोलीतून मोठ्याने म्हणाली, "अर्धी आजी!" आणि सगळे हसले. किती छान शिकली होती ती. मास्तरनेच शिकवलं होतं.

त्याने खोडरबर खाली ठेवला, वही आणि फाइल उचलली आणि मॅडमच्या खोलीत गेला.

मॅडम वेधशाळेच्या प्रमुख. कमी बोलणाऱ्या, आणि त्यांच्यासमोर विनोद करायचं मास्तरनेही कधीच सोडून दिलं होतं. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग सात नंबरची रेघ स्वतः सात महिने मागे नेऊन एकेक आठवडा पाहिला. मास्तर उभाच होता.

"पहिल्या महिन्यात अकरा," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात त्रेपन्न. सगळे वस्तीच्या खाली, दीड किलोमीटरच्या आत. वाफ नाहीतर गरम पाणी वाट काढतंय. कदाचित काही होणार नाही. कदाचित रस्त्यात मधेच वाफेचा भपका उठेल. आपल्याला सात महिने आधी कळलं असतं."

"हो."

"कुणीतरी कळवत होतं म्हणा ना."

मास्तरने नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली.

मॅडमनी फोन उचलून भराभर कामं लावली. उद्या वस्तीत आणखी दोन यंत्रं, विहिरींच्या पाण्याचं तापमान रोज, गावच्या कचेरीला पत्र, सावधानतेची पातळी हिरव्यावरून पिवळ्यावर. सगळं झाल्यावर त्यांनी फाइल उघडली आणि पत्र वाचलं. मनात नाही, मोठ्याने वाचलं. 'अशा प्रकारचे भास उतारवयात संभवतात.' आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मास्तरला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि भूकंपाच्या कचेरीत ही इच्छा करणं किती हास्यास्पद आहे हेही त्याच्या लक्षात आलं. या वेळी विनोद कुणाला सांगावासा वाटला नाही.

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?" मॅडमनी विचारलं.

"चुकलं, मॅडम."

"मला सांगून काय उपयोग? आणि हे टपालाने मागे घ्यायचं नाही. उद्या सकाळी जा. एकटे जा."

खालच्या वस्तीतलं ते घर दुमजली होतं; वर दुसरं बिऱ्हाड, खाली हे. दार सुनेने उघडलं. गळ्यात मापाची टेप, बोटात शिवणाचं अंगुस्तान. तो वेधशाळेतून आलाय म्हटल्यावर तिने आत हाक मारली आणि मुलगा बाहेर आला. सुट्टीचा दिवस होता.

"तुम्हीच पत्र दिलं होतं ना," तो म्हणाला. चेहऱ्यावर आभारच होते. "आता बरंच शांत आहे. गोळ्या लागू पडल्या. झोप जास्त येते तेवढंच."

बाई खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. बारीक, ताठ, केस घट्ट बांधलेले. मास्तरने आवाज एक्केचाळीस वेळा ऐकला होता, चेहरा आज पहिल्यांदा पाहत होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या, पण पापण्या जड होत्या आणि मांडीवरचा उजवा हात आपसूक थरथरत होता. त्यांची खाट आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर आणलेली होती. फोन कपाटाच्या वर ठेवलेला होता, त्यांचा हात पोचणार नाही असा. स्वयंपाकघराच्या दाराला नवी कडी होती, बाहेरून लावायची. हे सगळं आपल्या पाचव्या ओळीने झालं, हे मास्तरला कुणी सांगावं लागलं नाही.

"ते पत्र चूक आहे," तो दारातच म्हणाला. बसायला सांगितलं तरी तो बसला नाही. "धक्के खरे होते. तुमच्या आईंनी खात्रीने सांगितलेले सगळे. यंत्राने टिपले होते, आम्ही बघितले नाहीत. मी बघितले नाहीत."

मुलाला आधी काही उमगलं नाही. मग त्याचा चेहरा पडला. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने कडीकडे.

"तुम्ही म्हणालात मुंगी चालली तरी कळतं," मुलगा म्हणाला.

"म्हणालो."

"आम्ही तिला गॅसला हात लावू देत नाही. घराची किल्ली काढून घेतली तिच्याकडून. ती भांडायची, की मी वेडी नाही. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं तिला." त्याचा आवाज चढला नाही; चढला असता तर मास्तरला हलकं वाटलं असतं. "दोनदा वाचून दाखवलं. मग ती भांडायची थांबली."

तेव्हा बाईंनीच तोंड उघडलं.

"कुठल्या स्टेशनला मिळाले?" त्यांनी विचारलं. गोळीमुळे शब्द जरा ओढत होत्या, पण फोनवरचाच आवाज होता.

"सात नंबर. तुमच्या जुन्या पंपघरातलं. पंपाच्या आवाजामुळे आम्ही ते वगळलं होतं. पंप गेला हे कळलंच नाही आम्हाला."

"पंप तर केव्हाच गेला." त्यांनी सुनेला खूण केली. "माझी वही दे गं."

सुनेने उशीच्या अभ्र्यातून वही काढून दिली. म्हणजे तिला ठाऊक होती, आणि तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही, डेपोत असते तशी. बाईंनी पानं मागे नेली आणि बोट ठेवलं. आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती. '११:२० पंप कायमचा बंद. गल्लीत शांत.' ज्या एका गोष्टीसाठी मास्तरचा सगळा कारखाना आंधळा झाला होता, ती या वहीत मिनिटासकट लिहिलेली होती.

मास्तर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. पुढची पानं त्याच्या समोर उघडी होती. तारीख, वेळ, किती सेकंद, दिशा, आणि शेवटचा रकाना: शेरा. प्रत्येक फोनपुढे शेऱ्यात लिहिलं होतं, 'नोंद घेतली म्हणाले.' काही ठिकाणी, 'साहेब नम्र आहेत. नोंद घेतली म्हणाले.' एके ठिकाणी, 'मागे हसण्याचा आवाज. ऑफिसात आनंदी वातावरण दिसते.' मास्तरला ते वाक्य पुरतं वाचवेना. शिव्या दिल्या असत्या तर खाली मान घालून ऐकून घेता आल्या असत्या. या कौतुकाचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

पान उलटलं. पत्राच्या तारखेनंतर 'नोंद घेतली' संपलं होतं. वेळा मात्र चालूच होत्या, जरा वाकड्या अक्षरात. पुढे शेऱ्यात एकच शब्द. १०:१२, भास. ४:४०, भास. ९:०५, भास. अशा सतरा ओळी.

"तुम्ही लिहीत होतात," तो कसाबसा म्हणाला.

"सवय," बाई म्हणाल्या. "कळवायची चोरी झाली होती. आणि वेधशाळेने लेखी दिलं म्हटल्यावर शेऱ्यात दुसरं काय लिहिणार? कागद तुमचा मोठा."

मास्तरने पिशवीतून सात नंबरची नवी यादी काढली. तो म्हणाला, "मी वेळा वाचतो. तुम्ही तुमच्या बघा."

"थांबा." त्यांनी चष्मा पुसून लावला, सुनेकडून लाल पेन मागून घेतलं. "हं. सांगा."

"दहा बारा."

"आहे."

"चार चाळीस."

"आहे."

"नऊ पाच."

"आहे. पुढे."

एकेका ओळीला त्या 'भास' या शब्दावर आडवी रेघ मारत आणि वर 'खरा' असं लिहीत. हात थरथरत होता, त्यामुळे वेळ लागत होता, आणि कुणी घाई केली नाही. अकराव्या ओळीपाशी मुलगा उठून कपाटावरचा फोन काढून आईच्या खुर्चीशेजारी ठेवून गेला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. तिथे नळ बराच वेळ चालू राहिल्याचा आवाज येत होता. सतराच्या सतरा ओळी झाल्या. एकही भास निघाला नाही.

"गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या," मास्तर सुनेला म्हणाला. "पत्र मी बदलून आणलंय. आणि वस्तीत आज आणखी दोन यंत्रं बसतील. पातळी पिवळी केलीय. घाबरू नका, पण रात्री दाराशी चपला आणि कागदपत्रं तयार ठेवा. तुमच्या आईंची वही आम्हाला फार—"

"ते नंतर," बाई म्हणाल्या.

त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तारीख घातली, वेळ घातली. मग सावकाश लिहिलं, 'वेधशाळा. आगमन.' पुढच्या रकान्यात पहिल्या फोनची तारीख लिहिली. म्हणजे यायला हवं होतं ती. दोन्ही तारखांमधलं अंतर मनात मोजून तेही लिहिलं. सात महिने. मग पेन वर धरून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. डेपोत खिडकीत उशिरा आलेल्या चालकाकडे एकतीस वर्षं जसं पाहिलं असेल तसंच. रागावून नाही, रकाना भरायचा होता.

"विलंबाचं कारण?"

"पंप," मास्तर म्हणाला. "पंपामुळे यंत्र..."

त्या 'पंप' लिहू लागल्या. प वर अनुस्वार दिला. खरं तर कारण ते होतंच. अहवालातही तेच जाणार होतं, मॅडमनीही ते मान्य केलं असतं. एवढ्यावर उठून जाता आलं असतं.

"थांबा," तो म्हणाला. "ते खोडा. पंपाचं नंतरचं आहे. वेळा तुम्ही मिनिटासकट सांगत होतात, त्या वेळेची साठवलेली रेघ उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. मी उघडली नाही." त्याने ओठ चावले. "हसत होतो. तुमचा फोन आला की फोनवर हात ठेवून हसायचो. सगळे. सुरुवात मी केली. तुमच्या नावाने एक माप केलं होतं, काही पडलं-झडलं की म्हणायला. अजून म्हणतात तिथे. आनंदी वातावरण नव्हतं ते. तुम्हाला हसत होतो."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सून टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभी होती. बाईंनी मान वर केली नाही. मागच्या पानावर जाऊन त्यांनी 'ऑफिसात आनंदी वातावरण दिसते' ही ओळ शोधली, तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, आणि ती तशीच ठेवून पुन्हा पुढच्या पानावर आल्या. 'पंप'वर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. आणि शेजारी लिहिलं, 'हसत होते.' 'होते' लिहिलं. एवढं ऐकूनही त्यांनी त्याला अरे-तुरे केलं नाही.

मग वही त्याच्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं.

"सही," त्या म्हणाल्या. "वाचता येईल अशी करा. मागच्या पत्रावर कुणाची आहे ते कळलं नव्हतं."

मास्तरने पेन घेतलं आणि फराटा न ओढता, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं काढत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.